गरम झाली की चालू होईना: खारपाणपट्ट्यातल्या एका गाडीचं निदान

काकाजींची गाडी 2007 सालची. पेट्रोलवर चालणारी, 800 सीसीची, तीन सिलिंडरची, इंजेक्शनवाली, म्हणजे संगणकाच्या हुकमावर इंजेक्टर पेट्रोल फवारतात ती. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. तिथून बाजाराला दर्यापूर आणि काकूंच्या मूत्रपिंडाच्या उपचारासाठी अमरावती, एवढाच तिचा राबता. दवाखान्याची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेला पोचवणारी एसटी गावातून नाही. त्यामुळे गाडी दगा देऊ लागली तसा सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला.

तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी:

"सकायी तीन-चार सेल्फ मारा लागते, पन सकायचं तरी बरं हाय बाबू. अमरावतीले गाडी उभी केली, अर्ध्या-पाऊन घंट्यानं आलो का मंग ऐकतच नाई. मानसं बलावून धक्का मारा लागते. अन् पेट्रोल तं अशी पेते का खिशात पैसा टिकत नाई."

"कधीपासून काकाजी?"

"पोया झाला तवापासून."

म्हणजे पावसाळा सरता सरता. माझ्याकडे गाडी आली ती डिसेंबरात, कापसाची वेचणी ऐन भरात असताना. मधल्या महिन्यांत तिच्यावर बराच खर्च होऊन गेला होता. बॅटरी नवी, ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग नवे, एअर फिल्टर नवा, पेट्रोलचा फिल्टर नवा, इंजेक्टरही एकदा साफ करून घेतलेले. प्रत्येक ठिकाणच्या मिस्त्रीने एकेक भाग बदलला आणि पैसे घेतले. नेमकं काय बिघडलंय ते मोजून कोणी पाहिलं नाही. या सगळ्या खर्चातून एकच कामाची गोष्ट हाती लागली. प्लग बदलल्यावर काही दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच सुरू झालं. ही गोष्ट मी वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली.

मी गावात मोटारपंप आणि स्टार्टरची कामं करतो. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पान्यांचा संच आहे, गाडीचं स्कॅनर नाही. या गाडीला मोबाइलशी जोडायचं स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टरही कामाचं नव्हतं. गाडीतच निदानाची सोय असण्याची सक्ती आपल्याकडे 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्या त्या अ‍ॅडॉप्टरला उत्तरच देत नाहीत. म्हणून हे सगळं निदान मीटर, डोळे, नाक आणि टाकी फुल करून काढलेलं अ‍ॅव्हरेज यांवरच झालं. असं काम कोणालाही अंगणात करता येतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी अ‍ॅव्हरेज खरंच किती आहे

"लय पेते" हे माप नव्हे. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, नेहमीसारखी गाडी चालवायची, आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच फुल करायची. जितकं पेट्रोल बसलं त्याने किलोमीटरला भागायचं. उत्तर आलं लिटरला 12.1 किलोमीटर. काकाजी हिशेबाचे पक्के आहेत. त्यांच्या जुन्या डायरीत हाच आकडा 18 ते 19 होता.

घट साधारण एक तृतीयांश. महिन्याला 1000 किलोमीटर धरले तर 18 च्या हिशेबाने 55-56 लिटर लागतं, 12 च्या हिशेबाने 83 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तरी महिन्याचे जवळपास 2900 रुपये जास्तीचे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात, दवाखान्याचा खर्च चालू असताना, ही रक्कम फार मोठी आहे.

पंपावर आणि पारावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं: इथेनॉल. याचा हिशेब केल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नव्हतं, कारण इथेनॉलने अ‍ॅव्हरेज कमी होतं हे खरंच आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे 20 टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी असाच अंदाज दिला होता. त्यातही देशभर 10 टक्के मिश्रण जून 2022 मध्येच झालेलं होतं, आणि काकाजींचे 18-19 चे आकडे त्यानंतरचेही आहेत. दहावरून वीस टक्क्यांवर जाताना आणखी तीन-साडेतीन टक्के जातील. 18 चे साडेसतरा होतील, बारा होणार नाहीत. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना जास्त इथेनॉल सोसत नाही ही वेगळी काळजी आहे, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंत नळ्या बोटांनी दाबून आणि वास घेऊन पाहिल्या. कुठे पाझर नव्हता. पेट्रोलमध्ये पाणी आहे का हे काचेच्या बाटलीत थोडं काढून, काही वेळ स्थिर ठेवून पाहिलं. तळाला वेगळा थर दिसला नाही.

टायरमध्ये हवा 24 होती, ती 30 केली. याने फार तर एक-दीड टक्का फरक पडतो. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं, ब्रेक कुठे धरत नव्हता. एअर फिल्टरबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अ‍ॅव्हरेज पडलं की सगळ्यात आधी तोच बदलला जातो. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर चोंदला तर पेट्रोल जास्त जातं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत जाणाऱ्या हवेचं माप घेऊन त्या हिशेबाने पेट्रोल देतो. फिल्टर चोंदला तर पिकअप जाईल, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये चाचण्या करून हेच दाखवलं होतं. काकाजींच्या नव्या फिल्टरने काही फरक पडला नाही तो यामुळेच.

दोन तक्रारी मिळून काय सांगतात

गाडी चालू व्हायला त्रास देते याला पन्नास कारणं असतात. पेट्रोल जास्त खाते यालाही पन्नास असतात. दोन्ही तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या तर दोन्ही याद्यांमध्ये असलेली कारणं फार थोडी उरतात. आणि इथे तिसरी गोष्टही होती: थंडीतल्या सकाळपेक्षा गरम इंजिनावर त्रास जास्त. बॅटरी थकलेली असती तर उलटं झालं असतं. पेट्रोल कमी पोचत असतं तर सकाळी जास्त अडलं असतं आणि अ‍ॅव्हरेज पडायचं कारण नव्हतं. गरम इंजिनाला चालू व्हायला अगदी थोडं पेट्रोल लागतं. तिथेच जर ते अडत असेल, तर पहिला संशय असा की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे आणि प्लग भिजत आहेत.

बॅटरीचा प्रश्न मीटरने दोन मिनिटांत मिटला. रात्रभर उभ्या गाडीत 12.5 व्होल्ट, सेल्फ मारताना 10.4. साडेनऊच्या खाली गेलं असतं तर काळजी होती. शिवाय सेल्फ जोरात फिरत होता. जुनी बॅटरीही चांगलीच असणार, पण ती कधीच भंगारात गेली होती.

मग पेट्रोल जास्त की कमी हे ठरवणारी चाचणी. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अशी सोय असते की सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरला तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर बंद ठेवतो आणि फक्त हवा आत जाते. भिजलेलं इंजिन त्याने कोरडं होतं. उलट बाजूची चाचणी अशी: सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करायची. दर वेळी पंप दोन-एक सेकंद घुमतो आणि नळीतला दाब भरतो. दाब गळत असेल तर त्यानंतर गाडी पटकन चालू होते.

दर्यापूरहून आल्यावर गाडी अर्धा तास उभी ठेवली. चावी ऑन-ऑफ केली, सेल्फ मारला, काही नाही. मग काकाजींना म्हटलं, पाय तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा. उचललं की लगेच पाय काढा. इंजिन चार-पाच फेऱ्यांतच उचललं आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला. अंगणभर कच्च्या पेट्रोलचा वास.

"हे तं मले कोनी सांगतलंच नाई," काकाजी म्हणाले. त्या दिवसापासून अमरावतीला धक्का मारायची वेळ आली नाही, दुरुस्ती व्हायच्या आधीच. ही युक्ती प्रत्येक इंजेक्शनवाल्या गाडीच्या मालकाला ठाऊक हवी. भिजलेल्या इंजिनाला परत परत सेल्फ मारून आणि ढकलून न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जळतं आणि तो महागडा भाग खराब करतं.

पेट्रोल कुठून जास्त येतंय

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढले. तिन्ही काळे, कोरड्या मऊ काजळीने माखलेले. निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं. नवे प्लग काही दिवस चालले आणि मग पुन्हा बिघडले याचा उलगडा इथे झाला: काजळी धरेपर्यंत ते साथ देत होते. ऑइलची सळई ओढली तर पातळी वरच्या खुणेच्या वर आणि ऑइलला पेट्रोलचा वास. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला जपत नाही, म्हणून ते बदलायचं होतंच. पण मूळ दोष काढल्यावर. आधी बदललं असतं तर नवं ऑइलही वाया गेलं असतं.

तिन्ही प्लग सारखेच काळे होते ही महत्त्वाची गोष्ट. एखादा इंजेक्टर गळत असता तर एक प्लग बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला असता. दोष तिन्ही सिलिंडरना सारखा भिडणारा असला पाहिजे. अशा जागा मोजक्या. पेट्रोलचा दाब धरणाऱ्या रेग्युलेटरचा पडदा फाटला तर त्याच्या बारीक व्हॅक्यूम नळीत पेट्रोल येतं. नळी काढून पाहिली, कोरडी ठणठणीत. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी चिरली तर संगणकाला वाटतं इंजिनावर भार जास्त आहे, आणि तो जास्त पेट्रोल देतो; तीही अखंड होती. गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहते, उंदरांचा सुळसुळाट, म्हणून वायरींचा सगळा जुडगा हाताने चाचपला. कुरतडलेलं काही नाही.

उरला इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर.

त्याचं काम सोपं आहे. आत एक असा रोध असतो जो थंडीत जास्त आणि गरमीत कमी होतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना तो साधारण अडीच किलोओहम असतो आणि 80 अंशांना तीनशे-सव्वातीनशे ओहमपर्यंत खाली येतो. ईसीएम त्याला पाच व्होल्टच्या वाटेने जोडतो आणि मध्ये किती व्होल्ट उरले ते पाहून तापमान ओळखतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीएम जास्त पेट्रोल देतो; इंजिन तापलं की हात आखडता घेतो. त्याला जर कायम "थंड आहे" असंच कळत राहिलं, तर तो कायम जास्तच देत राहणार. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, एरवी हे मिश्रण दुरुस्त करतो, पण इंजिन थंड आहे असं समजून बसलेला ईसीएम त्याचं ऐकत नाही.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा या बाबतीत काहीच सांगत नाही. अनेक जुन्या गाड्यांत, आणि या गाडीतही, काट्यासाठी एका वायरीचा वेगळा सेन्सर असतो आणि ईसीएमसाठी दोन वायरींचा वेगळा. एक बरोबर आणि दुसरा चुकीचा असू शकतो.

गाडी दर्यापूरपर्यंत फिरवून आणली. ईसीएमच्या सेन्सरचा प्लग (स्पार्क प्लग नव्हे, वायरी जोडणारा) जागेवर जोडलेला ठेवून, त्याच्या मागच्या बाजूने वायरीलगत बारीक टाचणी सरकवली. मीटरचा लाल तार टाचणीला, काळा बॅटरीच्या निगेटिव्हला, चावी ऑन. मीटरवर 3.1 व्होल्ट. तापलेल्या इंजिनाला हा आकडा एका व्होल्टच्या आत यायला हवा. 3.1 म्हणजे ईसीएमच्या समजुतीने इंजिन साधारण 10 अंशांवर होतं, आणि मी त्याच इंजिनावर हात ठेवू शकत नव्हतो.

इथे बहुतेक जण सेन्सर बदलतात. मी प्लग उपसून सेन्सरच्या दोन पिनांवर थेट रोध मोजला: 0.68 किलोओहम. म्हणजे सुमारे 55 अंश. 10 अंशांना हाच रोध साधारण पावणेचार किलोओहम असतो, सेन्सर तर तेवढं सांगत नव्हता. सेन्सर आणि ईसीएमच्या मध्ये कुठेतरी जवळपास तीन किलोओहम जास्तीचे घुसले होते. प्लगच्या आत टॉर्च मारली तर पिनांवर हिरवट-पांढरा थर फुललेला.

हा थर वीज पूर्ण तोडत नव्हता, हेच या दोषाचं अवघडपण. वायर तुटली असती तर ईसीएमला अशक्य आकडा दिसला असता आणि चेक इंजिनचा दिवा लागला असता. 10 अंश हा अशक्य आकडा नाही. आमच्याकडे पौषातल्या पहाटेला तो खराही असतो. त्यामुळे दिवा कधीच लागला नाही, आणि दिवा नाही म्हणजे सेन्सर ठीक, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आकडे सकाळी पुन्हा घेतले. रात्रभर उभ्या इंजिनावर सेन्सर 3.1 किलोओहम, त्यात वरचे तीन मिळून सहा. ईसीएमला वाटणार शून्याच्या आसपास आहे. खरं तापमान 14. चूक चौदा अंशांची. दुपारी चूक पंचेचाळीस अंशांची. सकाळी थोडा त्रास आणि गरम झाल्यावर जास्त, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पैसे खर्च करायच्या आधी निदानाची उलटतपासणी करता येते तेव्हा ती करावीच. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून 680 ओहमचा रेझिस्टर आणला, दोन-चार रुपयांची वस्तू. गाडी तापवून आणली, प्लग काढला, मागून टोचलेल्या दोन टाचण्यांना तो रेझिस्टर जोडला. आता खराब पिना वाटेत नव्हत्या आणि ईसीएमला 55 अंशांचा निरोप जात होता. अर्ध्या तासाने काकाजींनी पाय न लावता सेल्फ मारला. पहिल्या फेरीत इंजिन चालू. उभ्या गाडीतलं इंजिन जे एरवी तापल्यावरही जोरात घुमत राहायचं, ते खाली येऊन शांत चालू लागलं, कारण थंडीसाठी वाढवून ठेवलेली गती ईसीएमने सोडून दिली.

मग दुरुस्ती. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सेन्सरच्या पिना बारीक पॉलिश पेपरने चमकवल्या. वायरीकडचे मादी टर्मिनल आतून खाल्ले गेले होते, ते साफ करून भागलं नसतं. भंगार बाजारातून तसाच प्लग वायरीच्या तुकड्यासह मिळाला, तो डाग देऊन जोडला, वर स्लीव्ह चढवली आणि आत ओलावा रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. काळे झालेले स्पार्क प्लग घासून लावले, ऑइल बदललं. आता जोडलेल्या प्लगमागे तापल्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास दिसू लागलं, म्हणजे सेन्सर जे सांगतो तेच ईसीएमला पोचत होतं.

पुढच्या फुल टाकीचं अ‍ॅव्हरेज 16.3.

बाराचे सोळा झाले, पण अठरा नाही

काकाजी खूश होते. गाडी चावीला चालू होत होती, महिन्याचे दोन हजार वाचणार होते. मला मात्र वहीतला एक आकडा टोचत होता. दर्यापूरपर्यंत पळून आलेल्या इंजिनाचा सेन्सर 0.68 का दाखवतो? पंधरा किलोमीटर पळालेलं इंजिन 80 च्या वर पाहिजे. 55 नव्हे. सेन्सर खरं सांगत असेल तर इंजिन खरोखरच थंड चाललं होतं.

आता डॅशबोर्डचा काटा उपयोगी पडला. तो सगळ्या रस्त्यात पावाच्या खालीच रेंगाळायचा. काकाजींना ते चांगलं लक्षण वाटत होतं. दुसरी खूण रेडिएटरच्या वरच्या नळीची. सकाळी इंजिन चालू करून त्या नळीवर हात ठेवायचा, पंख्यापासून लांब. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल, जागेवर असेल तर नळी बराच वेळ थंड राहते आणि मग एकाएकी तापते, कारण ठरलेल्या तापमानाला वॉल उघडतो. इथे नळी पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट होत गेली. पाणी कुठेही न अडता थेट रेडिएटरकडे जात होतं.

"काकाजी, उन्हाळ्यात गाडी कोणाला दाखवली होती का?"

"मे मंदी गरम होये ना. तं एका मिस्त्रीनं दुरुस्त करून देल्ली. काय केलं ते काई मले सांगतलं नाई."

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, रेडिएटरचं झाकण आधी उघडून, थर्मोस्टॅटचं घर खोललं. आत काहीच नव्हतं. थर्मोस्टॅट काढून टाकलेला, आणि गॅस्केटच्या जागी नुसती पेस्ट फासलेली.

हे आमच्याकडे सर्रास होतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, गाड्या तापतात, आणि सगळ्यात झटपट उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढला जातो. पण इंजिन खूप तापलेलं असताना चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडाच असतो. तो काढून फारशी जादा थंडी मिळत नाही. काही इंजिनांत तोच वॉल उघडताना आतली आडवाट बंद करतो, तिथे काढल्याने पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं आणि उलट जास्त तापतं. हिवाळ्यात त्याची किंमत अ‍ॅव्हरेजमध्ये भरावी लागते: ऑइल जाड राहतं, ईसीएम तापवणीचं जास्तीचं पेट्रोल देत राहतो, छोट्या फेऱ्यांत तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही.

आणि पेस्ट फासलेल्या त्या जोडाकडे पाहिल्यावर पहिला दोषही कुठून आला ते कळलं. जोडाच्या खालच्या कडेने पांढरी रेघ उतरलेली होती, थेट ईसीएमच्या सेन्सरच्या प्लगवर. आमचं गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट आहे. ते पिण्याच्या कामाचं नाही आणि ओलिताला दिलं तर जमीन खराब होते. हेच बोअरचं पाणी काकाजी रेडिएटरमध्ये टाकत होते, कारण कूलंट संपत चाललं की पाणी टाका, एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलेलं. मे मध्ये जोड उघडला, तो नीट बसला नाही, गरम खारं पाणी थेंबथेंब प्लगवर उतरत राहिलं, आणि पोळ्यापर्यंत पिना खाल्ल्या गेल्या. मे मधली ती एकच दुरुस्ती दोन्ही दोषांच्या मुळाशी होती.

नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी काकूंच्या चुलीवर तपासला. जुनं भांडं, पाणी, स्वयंपाकाचा थर्मामीटर, आणि दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट, तळाला न टेकवता. त्यावर 82 अंश कोरलेलं होतं. 82-83 ला उघडायला लागला आणि पाणी उकळायच्या आधी पूर्ण उघडला. नवी वस्तूही खराब निघते, आणि ही तपासणी फुकट आहे. थर्मोस्टॅटच्या घराच्या दोन्ही पृष्ठभागांवरची पेस्ट खरवडून खरी गॅस्केट बसवली.

मे मध्ये गाडी तापत का होती हा प्रश्न अजून शिल्लकच होता. थर्मोस्टॅट काढून तो फक्त झाकला गेला होता. रेडिएटरचं पाणी सोडलं तर गंजासारखं लालसर आणि क्षाराच्या पांढऱ्या खपल्या. स्वच्छ पाण्याने येईल तितकं धुऊन काढलं, बाहेरच्या जाळीतली धूळ आणि कापसाचा भुसा आतल्या बाजूने पाण्याची हलकी धार मारून सोडवला, आणि निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी असं भरलं. घरात आता त्याच मिश्रणाची वेगळी बाटली ठेवली आहे. बोअरच्या पाण्याला गाडीच्या जवळ यायची बंदी काकूंनीच घातली.

शेवटची तपासणी पंख्याची. या गाडीत रेडिएटरचा पंखा ईसीएमच्या हुकमावर चालतो, आणि त्याला तो हुकूम तापमानाच्या त्याच सेन्सरवरून मिळतो. जोवर ईसीएम इंजिनाला 10 अंशांवर समजत होता, तोवर पंखा लागूच शकला नसता. डिसेंबरात, थर्मोस्टॅट नसताना, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तशीच गाडी एप्रिलमध्ये अमरावतीच्या गर्दीत अडकली असती तर हेड गॅस्केट जायला वेळ लागला नसता. अंगणात इंजिन चालू ठेवून आम्ही वाट पाहिली. काटा मध्याच्या जवळ आला आणि पंखा लागला; थोड्या वेळाने आपोआप थांबला.

त्यानंतरच्या फुल टाकीला 18.2. पुढच्या टाकीलाही साधारण तेवढंच.

ऑक्सिजन सेन्सर बदलून घ्या, इतके महिने काजळी खाल्ली आहे, असं एकाने काकाजींना सुचवलं. मी नको म्हटलं. अ‍ॅव्हरेज जुन्या आकड्यावर आलं आहे, प्लग पुन्हा काढून पाहिले तर फिकट तपकिरी आहेत, धूर नाही. पातळ काजळी गरम सायलेन्सरमध्ये जळून जाते. आकडे बिघडले तर पाहू. रेडिएटरबद्दल मात्र मी अजून खात्रीने काही सांगितलेलं नाही. आतल्या नळ्यांत क्षार किती उरले आहेत हे ऊन तापल्यावरच कळेल. काकाजींना सांगून ठेवलं आहे, एप्रिलपासून काटा मध्याच्या वर चढताना दिसला की गाडी थांबवा आणि फोन करा. तेव्हा रेडिएटर उतरवू, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही.